उंबऱ्यावरचं सूप

"मन भरलं का, सांग. तुज्या सासूचं न्हाई, तुजं."

एवढं बोलून मावशी उंबऱ्याबाहेर उकिडवी बसायची आणि उत्तराची वाट बघायची. तिला घाई नसे. समोरची बाळंतीण खाली बघो, लाजो, पोराला थोपटो, मावशी आपली गुडघ्यावर हात ठेवून बसलेली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला तिनं हे विचारलं. पाटलाच्या सुनेला विचारलं तसंच पाटलाच्या गड्याच्या बायकोलाही विचारलं.

मावशी म्हणजे आमच्या गावची सुईण. तिचं नाव मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. नाव घेऊन हाक मारलेली तिला आवडत नसे. "नाव मेंढराला ठिवावं, मला मावशी म्हना," म्हणायची. सगळं गाव मावशी म्हणायचं. तिच्यापेक्षा वयानं मोठ्या बायासुद्धा.

आमचं गाव दिंद्रुडच्या अलीकडं. तेव्हा राज्य निजामाचं होतं, पण बाळंतिणीच्या खोलीत राज्य मावशीचं. ती धनगराच्या घरची. नवरा लवकर गेला, एक मुलगा, तो मेंढरं राखायचा. माणसांची बाळंतपणं करण्याआधी तिनं मेंढ्यांची केली होती. किती कोकरं तिच्या हातून बाहेर आली, त्याची मोजदाद तिलाही नव्हती. गावातल्या काही बाया नाक मुरडायच्या, मेंढराची दाई म्हणायच्या. कळा सुरू झाल्या की त्याच बाया तिच्या नावानं ओरडायच्या.

तिला मी एकदा विचारलं होतं, हे मन भरलं का विचारायचं तू कुठं शिकलीस? ती म्हणाली, "मेंढीला बोलता येत न्हाई, म्हून तिच्या डोळ्याकडं बघावं लागतं. बाईला बोलता येतंय, तर इचारावं. येवढं साधं हाय."

तिच्या हातांबद्दल सांगते. खोलीत आली की आधी कोपरापर्यंत राख लावून हात धुवायची, मग चुलीपुढं धरून शेकायची. गार हात बाईला लावायची नाही. नाळ कापायचा विळा चुलीत लाल करायची, मग निवू द्यायची. "मेंढराला डाग देताना लोखंड तापिवतो, मग बाईला कावून कच्चा विळा?" असं तिचं म्हणणं. कारण बरोबर होतं की चूक, मला माहीत नाही. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई आहे. पण तिच्या हातची पोरं जगायची, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

पुरुषांना ती दाराशी थांबू देत नसे. एकदा पाटील ओसरीत येरझारा घालत होते. ही आतून म्हणाली, "पाटील, कळपातला मेंढा कदी असा फिरताना बगितलाय का? त्यो चरतो. जावा, चरा." पाटील गेले. पाटलांना असं बोलणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

आता सुपाचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आमच्याकडं बारसं झालं की सुईण बाळंतिणीचा निरोप घेते. तेव्हा तिला सुपात ज्वारी, गूळ, नारळ आणि वर एक खण घालून देतात. दुसऱ्या गावांत सासूच ते देते आणि विषय संपतो. मावशीची रीत वेगळी होती. सूप उंबऱ्यावर ठेवायचं. ती विचारणार, मन भरलं का. बाळंतीण भरलं म्हणाली, तर तिनं स्वतःच्या हातानं सूप उचलून द्यायचं. नाही म्हणाली, तर सूप उंबऱ्यावरच राहणार आणि मावशी दुसऱ्या दिवशी परत येणार, चोळायला, न्हाऊ घालायला, जे कमी पडलं ते करायला.

कमी मावशीचं नसायचं, घरच्यांचं असायचं. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळं ज्या घरचं सूप उंबऱ्यावर राहिलं, त्या घरची अब्रू गेली. येणारा-जाणारा बघायचा. म्हणून सूप राहिल्याचं फारसं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

एकदा तालुक्याचे एक साहेब गावात मुक्कामाला असताना त्यांच्या बेगमला इथंच कळा लागल्या. मावशीनं सोडवलं. तेराव्या दिवशी ही म्हणाली, सूप आणा. त्यांच्या घरात सूप कुठलं? साहेबांचा शिपाई गावभर पळत सूप मागत फिरला. ते आल्यावर हिनं आपल्या भाषेत विचारलं, मन भरलं का. बेगम आधी हसली, मग म्हणाली, नहीं भरा. काय पाहिजे, विचारलं, तर तिनं नुसते केस पुढं ओढून दाखवले. तेरा दिवसांत तिचे केस कुणी विंचरले नव्हते. खायला-प्यायला सगळं होतं, नोकर होते, आणि केसांच्या जटा झाल्या होत्या. मावशी मागं बसली आणि दुपारपर्यंत विंचरत राहिली. मग बेगमनं सूप उचललं. साहेबांनी तोंडात बोट घातलं.

अशी ती शहाणी. पण तिच्या शहाणपणाला एक भोक होतं, आणि ते माझ्या बाळंतपणात दिसलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. माझं माहेर चौसाळ्याकडं, पण आई नव्हती आणि बापानं दुसरी केली होती. त्या दुसरीनं निरोप पाठवला की आमच्याकडं सोय नाही. म्हणून मी सासरीच राहिले. सुगीचे दिवस होते. सगळे ज्वारी काढायला रानात. भरदुपारी मला मुलगी झाली. मावशीनं तिला उलटी धरून पाठीवर थापटलं, ती रडली, आणि मावशी म्हणाली, "आवाज लई चांगला हाय. ही सासूला पुरून उरंल."

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "पोरगी? बरं." आणि भाकरी घेऊन रानात निघून गेल्या.

तेव्हा समजूत अशी होती की बाळंतीण पाणी प्याली की तिचं पोट सुटतं आणि पोराला पडसं होतं. म्हणून पाच दिवस घोट-घोट पाणी द्यायचं. आत्याबाईंनी ते पाचाचे बारा केले. कोरडी भाकरी आणि लसणाची चटणी द्यायच्या. मुलगा झाला असता तर तूप आलं असतं, हे मी सांगायला नको. सकाळी मावशी यायची तेव्हा ओव्याचं गरम पाणी ती स्वतः पाजायची. तेवढंच. बाकी दिवसभर माझी जीभ टाळूला चिकटलेली.

तुम्ही म्हणाल, उठून प्यायचं होतं. विटाळाची बाई घागरीला शिवली तर घरातलं सगळं पाणी ओतावं लागे. आणि आडातून पाणी ओढणाऱ्या आत्याबाईच.

मावशी रोज विचारायची, "पानी देतात का गं पुरेसं?" माझ्या आधी मागून आत्याबाई बोलायच्या, "देते की. घागर उपडी करू का तोंडात?" मी पोरीचं फडकं सारखं करायची. मावशी माझ्याकडं बघायची, त्यांच्याकडं बघायची आणि तेलाची वाटी जवळ ओढायची.

तेराव्या दिवशी सूप उंबऱ्यावर आलं. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. आत्याबाई खांबाला टेकून उभ्या. मावशीनं विचारलं, "मन भरलं का, सांग. तुज्या सासूचं न्हाई, तुजं."

मी आत्याबाईंकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. नाही म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी मला बैलगाडीत घालून चौसाळ्याला सोडलं असतं, आणि तिथं दार कोण उघडणार होतं?

"भरलं," मी म्हणाले.

"भरलं?"

"भरलं."

मी सूप उचललं. चार दाणे सांडले. मावशीनं सूप डोक्यावर घेतलं आणि गेली. ती बाईच्या शब्दापलीकडं जात नसे. आता ती रोज येणार नव्हती, म्हणजे ते सकाळचं पाणीही गेलं. हे मला सूप दिल्यावर कळलं.

त्या दिवशी माझं दूध आटलं. पोरगी संध्याकाळपर्यंत रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी रडायची थांबली. रडणाऱ्या पोराचं भय वाटत नाही, गप्प पोराचं वाटतं. तिचे ओठ कोरडे पडले होते आणि ती नुसती छपराकडं बघत होती.

आत्याबाई रानात गेल्या होत्या. मी पोरीला फडक्यात गुंडाळलं, डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि निघाले. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो. मी ओलांडला. भिंतीला धरून चालले. शेजारची एक बाई आडावरून येत होती. मला बघून तिची घागर हिंदकळली.

"अगं बया! विटाळाची कुठं निगालीस?"

"सूप आनायला," मी म्हणाले.

मावशी जात्यावर बसली होती. मला दारात बघून तिचा हात थांबला.

"मावशी, माजं मन भरलं न्हाई," मी म्हणाले. "खोटं बोलले मी. माजं सूप माघारी दे."

ती जात्याकडं बघून म्हणाली, "अगं, अर्दी ज्वारी दळून झाली की!"

मला त्या वेळी हसू आलं नाही, नंतर कैकदा आलं. तिनं एक शब्द बोल लावला नाही. आधी तांब्याभर पाणी दिलं. "घोट-घोट पी. मेंढरू बी तहानंनं एकदम पिलं की पडतं." मी प्याले. दुसरा तांब्या दिला. मग आंबील गूळ घालून दिली. पोरीला माझ्या छातीशी धरून ती बोटानं तिच्या हनुवटीला गुदगुल्या करत बसली. दूध लगेच आलं नाही. उन्हं अंगणात येईपर्यंत आम्ही तशाच बसलो. मग पोरीनं एकदा ओढलं, परत ओढलं, आणि गिळल्याचा आवाज आला. मावशी उठली. "चल आता."

जात्याभोवतालचं पीठ तिनं सुपात भरलं, उरलेली ज्वारी वर टाकली, त्यावर गूळ, नारळ, खण. सूप डोक्यावर घेऊन ती पुढं आणि पोरीला घेऊन मी मागं. भर सकाळी, भर गल्लीतून. जो विचारील त्याला ती सांगे, "माघारी चाललंय." बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. तिनं सूप आमच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि मला आत निजवलं.

दुपारी आत्याबाई आल्या. सूप बघून जागीच थांबल्या.

"कावून आलंय हे? आन् पीठ कसलं?"

"तुजी सून म्हनती मन भरलं न्हाई," मावशी म्हणाली. "पानी मिळालं न्हाई तिला. पोरगी जायला लागलीवती."

"काल तर भरलं म्हनली! साऱ्या बायांम्होरं म्हनली!"

"तुज्याम्होरं म्हनली."

"मग?" आत्याबाईंचा आवाज असा चढला की पलीकडच्या गल्लीत गेला असेल. "मी न्हवतं का म्हनलं? माज्या धाकट्या पोराच्या टायमाला तूच हुतीस ना? हितंच बसलीवतीस. घसा वाळून काटा झालता माजा. माजी सासू ह्याच खांबाला टेकून हुबी हुती. तू इचारलंस, मी म्हनलं भरलं. काय म्हननार हुते मी? घराची अब्रू राखली. मग हिला कावून राखता येईना?"

मी आतून बघत होते. मला वाटलं होतं, ती आता आत्याबाईंना झोडपणार. तिची जीभ मला माहीत होती. पण तिचं तोंड उतरलं.

"तू खोटं बोललीस मला?"

"तू इचारलंसच तसं," आत्याबाई म्हणाल्या.

मावशी उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर बसू नये, हे तीच सगळ्यांना सांगायची. सुपाच्या शेजारी बसली आणि हळू म्हणाली, "मला सासू न्हवती गं. माजं लगीन झालं तवा ती मरून गेलती. मला हे ठावंच न्हाई. सासू हुबी आसली की काय हुतं, ते." मग सुपाकडं बघून, "किती जनी खोटं बोलल्या आसतील?"



मग तिनं मान वर केली. "तू सांग आता. धाकट्याच्या टायमाचं. भरलं हुतं का?"

"बारा वर्सं झाली त्याला! आता काय इचारती?"

"सांग."

आत्याबाईंनी पदर सारखा केला. खांबाकडं बघितलं. "न्हाई भरलं," म्हणाल्या.

"जा, पानी आन."

त्यांनी तांब्या भरून आणला. मावशी म्हणाली, "तू पी आदी." त्या तिथंच उभ्यानं प्याल्या. रडल्या-बिडल्या नाहीत. आमच्या आत्याबाई रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुन्हा आत गेल्या, दुसरा तांब्या भरला आणि माझ्या बाजेपाशी ठेवला. जोरात ठेवला, पाणी सांडलं. पण ठेवला.

सूप नऊ दिवस उंबऱ्यावर होतं. सगळ्या गावानं बघितलं. पिठात किडे झाले तेव्हा आत्याबाईंनीच ते गाईपुढं टाकलं आणि नवी ज्वारी भरली. रोज सकाळी विचारायच्या, "भरलं का गं?" रागानंच विचारायच्या. पण विचारायच्या. चौथ्या दिवशी भाकरीवर तूप आलं. नवव्या दिवशी मावशीनं मला न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली, आणि मला अशी झोप आली की पोरगी रडली तेव्हा आत्याबाईंनी उचलून घेतली. उठल्यावर मी म्हणाले, "भरलं." कुणी विचारलं नव्हतं. मी सूप उचलून मावशीच्या हातात दिलं. या वेळी दाणा सांडला नाही.

त्यानंतर मावशीनं जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. ती आपली चूक पदराखाली घालून बसली नाही. सुगी संपल्यावर ती घरोघर फिरली. जिची जिची बाळंतपणं केली होती तिला गाठून विचारायला लागली, "तवा खरं सांगितलंवतंस का?" लोकांना वाटलं म्हातारीला वेड लागलं. एक बाई शेण थापत होती, तिचा मुलगा मिशा फुटलेला, ती म्हणाली, "अगं, त्याचं लगीन ठरलंय, आन् तू आत्ता इचारती?" मावशी उकिडवी बसून राहिली. शेण थापायचं थांबवून ती बाई म्हणाली, "थंडीचे दिस हुते. शेगडी ठेवली न्हवती कुनी. लई गारठले हुते मी." मावशी दुसऱ्या दिवशी तेल घेऊन गेली आणि त्या बाईचे पाय चोळून आली. आता त्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. ती म्हणाली, "उपेग न्हाई. पर तिनं सांगितलं ना."

पुढं तिची रीत बदलली. सूप उंबऱ्यावर ठेवलं की आधी सासूला खळ्यापर्यंत पिटाळायची. नणंद, जाऊ, शेजारीण, सगळ्यांना बाहेर. सासू हाकेच्या पलीकडं गेली, हे स्वतः बघून यायची आणि मगच विचारायची. पहिल्याच वर्षी गावात सुपं उंबऱ्यावर राहायला लागली. सासवा तिला शिव्या द्यायच्या. दोन-तीन वर्षांत शिव्या थांबल्या, कारण सासवा आधीपासूनच पाणी द्यायला लागल्या.

तिच्या हातून बाया मेल्या नाहीत, असं मी म्हणणार नाही. मेल्या. ताप चढला की तिचं काही चालत नसे, आणि दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर. अशी बाई गेली की ती आठ दिवस कुणाशी बोलायची नाही, मेंढरांत जाऊन बसायची. तंबाखू फार खायची. दुसऱ्या गावच्या सुईणीचं नाव काढलं की फणकारायची. देवी नव्हती ती. पण माझी चारही बाळंतपणं तिनं केली, आणि चारही वेळा, पहिल्या वेळी उशिरा का होईना, मी खरं बोलले.

ती पहिली पोरगी आज स्वतः आजी आहे. पाणी लई पिते.

एका दुष्काळी साली मावशी मुलाबरोबर मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेली. म्हणाली, पाऊस पडला की येते. पाऊस पडला, मुलगा आला, मेंढरं आली. मावशी आली नाही. वाटेत कुठंतरी तापानं गेली, तिथंच तिला पुरलं, असं मुलानं सांगितलं.

मुलगा मेंढरांकडं गेला होता, तिच्या घराला कडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुपात ज्वारी घेतली आणि तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी गेले तर त्यात आणखी ज्वारी होती, गुळाचे खडे होते, दोन नारळ होते. बाया येत होत्या, मूठभर टाकत होत्या आणि जात होत्या. आत्याबाईंना तेव्हा नीट दिसत नव्हतं. त्या भिंत चाचपत आल्या आणि त्यांनी वर एक खण ठेवला.

मावशीचा मुलगा ओशाळून उभा होता. "मी उचलून ठिवू का आत?" त्यानं विचारलं. "चिमन्या खातील."

"ऱ्हाऊ दे तितंच," आत्याबाई म्हणाल्या. "आजून भरलं न्हाई."

ज्वारी चिमण्यांनीच खाल्ली. सूप मात्र पुष्कळ दिवस उंबऱ्यावर होतं.